पऱ्हाटीत अडकलेली साखर

अंगातला सुती सदरा म्हणजे जवळजवळ निव्वळ साखर आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. दवाखान्यात सलाइनमधून चढवतात तोच हा ग्लुकोज. तरीही सदऱ्याची बाही चघळून कुणाचं तोंड गोड झालेलं नाही.

काटोल, नरखेड, सावनेरकडे कापसाची शेवटची वेचणी उरकली की वावरात जी वाळकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी राहते, तिच्यातही हीच साखर आहे. प्रमाण कमी, पण साधारण एक तृतीयांशाहून जास्त. चुलीत जाते किंवा धुऱ्यावर पेटवली जाते त्या पऱ्हाटीची गाडीच्या टाकीत जाण्याची शक्यता अधूनमधून भाषणांतून ऐकू येते. शक्यता खोटी नाही. पण ‘कचऱ्यापासून इंधन’ या दोन शब्दांच्या मध्ये नेमकं काय घडावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला विचाराल तर यातला साखरेची दारू, म्हणजेच इथेनॉल, होण्याचा भाग सोपा आहे. अवघड आहे ती साखर सोडवणं, तेही कारखान्याला परवडेल एवढ्या वेगात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आज नागपुरातल्या पंपावर पेट्रोलमध्ये मिसळून येतं ते इथेनॉल मुख्यतः ऊस आणि धान्य यांचं आहे: मळी, उसाचा रस, मका, तांदूळ. २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रण गाठलं, २०२५ मध्ये २० टक्के. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर धावणारी हिरवी बस आली तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं होतं! पुढे ती सेवा बंद पडली. तिच्या टाकीतलंही इंधन काही पऱ्हाटीचं नव्हतं. काडीकचऱ्यापासूनच्या इथेनॉलला ‘दुसऱ्या पिढीचं’ म्हणतात, आणि देशाच्या एकूण इथेनॉलमध्ये त्याचा वाटा अजून अगदी किरकोळ आहे.

का, ते मोहफुलापासून सुरुवात केली तर पटकन कळतं. मोहफुलात साखर तयारच असते. फुलं भिजवायची, यीस्ट लागू द्यायचं, आंबवण झालं की भट्टीवर चढवायचं. गोंदिया-गडचिरोलीकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. यीस्ट ही एकपेशीय बुरशीच. ती साखर खाते, आणि हवा कमी असली की बदल्यात इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हिशेबही चोख आहे: १८० किलो ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ किलो इथेनॉल, बाकीचे ८८ किलो वायू होऊन उडून जातात. म्हणजे साखरेचं निम्मं वजन हवेतच जातं. कितीही भारी कारखाना उभारा, हा आकडा हलत नाही.

मक्याचं किंवा तांदळाचं प्रकरण एक पायरी वर. तिथे साखर स्टार्चच्या रूपात असते. स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी, पण यीस्टला ती आहे तशी खाता येत नाही, आधी तोडून द्यावी लागते. हे काम एन्झाइम करतात. एन्झाइम म्हणजे एखादी ठरावीक रासायनिक क्रिया हजारो-लाखो पटींनी वेगात घडवणारं प्रथिन. आपल्या लाळेतही स्टार्च तोडणारं एन्झाइम आहे; भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो त्यामुळेच. धान्यापासून इथेनॉल करणारे कारखाने मका शिजवून त्यात अशीच एन्झाइम टाकतात. त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम अस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून करवून घेतात. कांद्यावर काळी भुकटी धरते, त्याच जमातीतली ही. तेव्हा बुरशीची मदत तर पहिल्या पिढीच्या इथेनॉललाही लागतेच.

आता पऱ्हाटी. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, फरक फक्त सांध्याचा. स्टार्चमध्ये सगळे रेणू एकाच तोंडाने जोडलेले असतात, त्यामुळे साखळीला पीळ पडतो, ती सैल राहते, पाणी आत शिरतं. सेल्युलोजमध्ये दर दुसरा रेणू उलटा. एवढ्याशा फरकाने साखळी सरळ होते, शेजारच्या साखळ्यांना चिकटून बसते, आणि अशा डझनावारी साखळ्यांची इतकी घट्ट जुडी होते की आत पाण्यालाही जागा उरत नाही. झाडाला वाऱ्यात उभं राहायचं असतं, त्याला हेच हवं. आपल्या पोटात हा सांधा तोडणारं एन्झाइम नाही. गाय कडबा पचवते तो तिच्या पोटातल्या जिवाणूंच्या आणि बुरशांच्या जिवावर.

शिवाय पऱ्हाटीत सेल्युलोज एकटं नसतं. जुन्या घरातला कूड आठवा: उभेआडवे बांबू, ते बांधायला वाख, आणि वरून शेणामातीचा लेप. सेल्युलोज हे बांबू, हेमिसेल्युलोज नावाचा दुसरा साखरयुक्त पदार्थ ही बांधणी, आणि लिग्निन हा लेप. लिग्निनमध्ये साखर नाहीच. ते कार्बनी कड्यांचं वेडंवाकडं जाळं असतं, ज्यात एकसारखा सांधा शोधून सापडत नाही, म्हणून त्याला तोडणारं एखादं ठरावीक एन्झाइम घडणंही कठीण. पऱ्हाटी हे जवळजवळ लाकूडच. तिच्यात लिग्निन पाव हिश्श्याच्या आसपास असतं, भाताच्या तणसापेक्षा बरंच जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर हा सांधा तोडतं कोण? उत्तर सापडलं ते कापसामुळेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य दक्षिण पॅसिफिकच्या दमट बेटांवर लढत होतं, आणि त्यांचे सुती तंबू, पट्टे, कपडे बघता बघता कुजत होते. लष्कराच्या प्रयोगशाळेने कुजक्या कापडांवरच्या बुरशांचे हजारो नमुने गोळा केले. सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हील बेटावरच्या एका नमुन्यात एक हिरवट बुरशी मिळाली, तिला क्यूएम६ए असा क्रमांक पडला. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स हे शास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षं तिच्यामागे होते. हेतू सुरुवातीला साधा होता: तंबू वाचवायचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र प्रश्नच उलटला. कापड कुजणं थांबवायचं कसं, याऐवजी तीच कुज आणखी वेगात कशी घडवता येईल? या बुरशीला रीस यांच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसी म्हणतात, आणि जगभरात काडीकचऱ्याचं इथेनॉल करायला वापरलेली बहुतेक एन्झाइम या एका नमुन्याच्या वंशजांकडून आलेली आहेत.

ट्रायकोडर्मा हे नाव विदर्भातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. तूर-हरभऱ्याला मर लागू नये म्हणून बियाण्याला चोळायची पुडी कृषी केंद्रात याच नावाने मिळते. पुडीतली प्रजाती वेगळी, पण घराणं तेच. पुडीतली बुरशी वावरातल्या रोगट बुरशांवर तुटून पडते, तंबूवरची कापसावर. पुडी आणून पऱ्हाटीच्या ढिगावर टाकली तर इथेनॉल होणार नाही, ढीग थोडा लवकर कुजेल एवढंच. कुजवण्यासाठी तशी ती वापरतातही.

बुरशीला तोंड नाही. ती एन्झाइम बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. कारखान्याच्या दृष्टीने हे मोठं भाग्य, कारण एन्झाइम बुरशीच्या पेशी फोडून काढावी लागत नाहीत, भोवतालच्या पाण्यात आयती मिळतात. शास्त्रज्ञांनी अतिनील किरणं आणि रसायनं वापरून या बुरशीत बदल घडवले. त्यातून निघालेले वाण मूळ बुरशीच्या कित्येक पट एन्झाइम पाझरतात, लिटरला १०० ग्रॅमपर्यंत. २००८ मध्ये तिची सगळी जनुकं वाचून झाली तेव्हा गंमत निघाली. एवढ्या खादाड बुरशीकडे सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमची जनुकं इतर अनेक बुरशांपेक्षा कमीच होती. तिची करामत हत्यारांच्या संख्येत नव्हती, ती सोडण्याच्या प्रमाणात होती.

हे काम एकट्या एन्झाइमचं नाही. एक जण साखळीवर मधेच कुठेतरी घाव घालतो आणि मोकळी टोकं तयार करतो. दुसरा त्या टोकाला धरून साखळी आपल्या आरपार भोकातून ओढत पुढे सरकतो आणि दर पावलाला ग्लुकोजची एक जोडी तोडून टाकतो. तिसरा त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करतो. २०१० मध्ये चौथा सापडला. तो पाणी वापरून सांधा तोडत नाही, ऑक्सिजनच्या मदतीने तोडतो, तोही जुडीच्या घट्ट पृष्ठभागावरच. तो सापडल्यावर एन्झाइमचं मिश्रण बरंच सुधारलं.

यातला दुसरा, ओढत जाणारा, सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात संथ. जपानी संशोधकांनी अतिसूक्ष्म कॅमेऱ्यासारख्या यंत्राने त्याला प्रत्यक्ष चालताना टिपलं. सेकंदाला तो जेमतेम काही पावलं पुढे जातो, वाटेत खडबडीत जागा आली की अडतो, आणि मागून येणारे त्याच्यामागे खोळंबून राहतात. स्टार्च तोडणारं एन्झाइम त्याच्या कितीतरी पट चपळ. परिणाम सरळ आहे: एक लिटर इथेनॉल काढायला काडीकचऱ्यावर धान्याच्या कित्येक पट एन्झाइम ओतावं लागतं, आणि तरी दोन-तीन दिवस थांबावं लागतं. जंगलात पडलेला सागाचा बुंधा बुरशीने दहा वर्षांत खाल्ला काय आणि वीस वर्षांत काय, तिला कुठे हप्ते भरायचे आहेत? कारखान्याला बँकेचं व्याज असतं. या इथेनॉलच्या किमतीतला मोठा भाग म्हणजे बुरशीच्या संथपणावर मात करायचा खर्च.

बरं, एन्झाइम सेल्युलोजपर्यंत पोचायला आधी लेप उतरायला हवा. त्यासाठी काडी बारीक करून, थोडं आम्ल टाकून किंवा न टाकता, १६० ते २०० अंशांच्या वाफेत दाबाखाली ठेवतात आणि मग दाब एकदम सोडतात. तंतू फुटून मोकळे होतात. ऊर्जा खूप लागते, भांडी महाग, आणि उष्णतेने काही साखर करपून फुरफुराल नावाचा पदार्थ होतो जो पुढे यीस्टला बाधतो. जास्त शिजवलं तर विष वाढतं, कमी शिजवलं तर एन्झाइमला वाट मिळत नाही. लिग्निन जास्त असलेल्या पऱ्हाटीला तणसापेक्षा कडक वागणूक द्यावी लागते. वर उरलेलं लिग्निन एन्झाइमला नुसतंच चिकटून त्यांना निकामी करतं. एक गोष्ट मात्र लिग्निनच्या बाजूची: शेवटी उरलेला त्याचा गाळ बॉयलरमध्ये जाळून कारखान्याची वाफ निघते.

लिग्निनही खाणाऱ्या बुरशा आहेत, त्यांना पांढरी कुज करणाऱ्या बुरशा म्हणतात. त्यातली एक तुम्ही कदाचित खाल्लीही असेल: धिंगरी अळिंबी. नागपूरच्या आसपास कुटारावर, तणसावर प्लास्टिकच्या पिशव्या टांगून जी पिकवतात तीच. धिंगरी काढून झाल्यावर उरलेला भुस्सा हातात घेतला तर कसा हलका, चुरचुरीत लागतो. लेप बराच उतरलेला असतो. मग हेच वाफेऐवजी का वापरत नाहीत? प्रयोग झालेत. अडचण पुन्हा वेळेचीच: वाफेला मिनिटं लागतात, धिंगरीला तीन-चार आठवडे, आणि तेवढ्या काळात ती आपल्याला हवी असलेली साखरही चापते. निदान खायला भाजी तरी मिळते, असं मला वाटतं, पण कारखानदाराला वाटणार नाही.

साखर सुटल्यावर तरी यीस्टचं काम सुरळीत व्हावं की नाही? तिथेही दोन खोड्या. पहिली तापमानाची. एन्झाइमला ५० अंश आवडतात, यीस्टला ३०-३२. दोन्ही एकाच टाकीत घालायचे तर मधला मार्ग काढावा लागतो, वेगळे ठेवायचे तर एक टाकी तापवा, दुसरी थंड करा. आंबवताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडते. मे महिन्यातल्या नागपुरात टाकी ३२ अंशांवर ठेवायला काय लागेल, हे घरातला कूलर हरल्याचा अनुभव असलेल्या कुणालाही सांगायला नको.

दुसरी खोड झायलोजची. हेमिसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची साखर निघते, आणि नेहमीचं यीस्ट तिला हुंगतसुद्धा नाही. म्हणजे काडीतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासची साखर वाया. यावरचा एक तोडगा भारतीय हत्तीच्या लिदीतून आला. हत्तीच्या आतड्यात ऑक्सिजनशिवाय जगणारी पायरोमायसिस नावाची बुरशी असते, आणि तिच्याकडे झायलोजला यीस्टच्या पचनी पडेल असं रूप देणारं एन्झाइम आहे. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २००३ च्या सुमारास त्याचं जनुक यीस्टमध्ये बसवलं आणि पुढे ते यीस्ट झायलोजवर वाढायला शिकलं. तेव्हापासून यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण ग्लुकोज समोर असताना यीस्ट झायलोजला हात लावायला अजूनही कां-कू करतं.

शेवटचं ऊर्ध्वपातन मी चटकन उरकतो, ते सगळ्या इथेनॉलला सारखंच. फक्त एवढं की काडीचा लगदा फार दाट करता येत नाही, ढवळणारं यंत्र थकतं, त्यामुळे टाकीतलं इथेनॉल पातळ राहतं आणि पाणी उडवायला इंधन जास्त लागतं.

आता प्रत्यक्ष आकडा. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडावरचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ ला राष्ट्रार्पण झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं, खर्च ९०० कोटींच्या वर. त्याची आखणी वर्षाला सुमारे २ लाख टन काडापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल अशी आहे. भागाकार करा: टनाला १५० लिटर. काडातली सगळी साखर सुटली आणि सगळी आंबली तर कागदावर ४०० लिटरच्या आसपास निघायला हवं. मधली तूट म्हणजे आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या अडचणींची बेरीज. परदेशात तर अमेरिकेत, इटलीत, रोमानियात उभे राहिलेले असे मोठे प्रकल्प काही वर्षांतच बंद पडले. तिथे घात नेहमी एन्झाइमनेच केला असं नाही. गठ्ठ्यांबरोबर आलेली माती आणि दगड यांनीही यंत्रांचे दात पाडले.

विदर्भात प्रकल्प घालायचा तर कशावर? सोयाबीनचं कुटार आणि ज्वारीचा कडबा जनावरांच्या तोंडचा आहे; त्याला कचरा म्हणणाऱ्याने एप्रिलमध्ये बैलासमोर उभं राहून म्हणून दाखवावं. भंडारा-गोंदियाचं तणीस काही प्रमाणात मिळेल, तेही वैरण भागल्यावर. संत्र्याच्या साली? हा प्रश्न नागपुरात हमखास येतो. सालीत लिग्निन अगदी थोडं, एन्झाइमने ती पटकन विरघळते. पण सालीला जो वास असतो त्या तेलात लिमोनीन असतं आणि ते यीस्टला मारतं, म्हणून आधी तेल काढून घ्यावं लागतं. शिवाय सालीत बहुतांश पाणी, आणि नागपूरकर संत्री घरात सोलतो, कारखान्यात नाही. साली एका जागी गोळा होत नाहीत.

राहते पऱ्हाटी. हेक्टरी साधारण दोन-तीन टन, जनावरं खात नाहीत, धान्याशी स्पर्धा नाही. पण तिचा हंगाम तीन महिन्यांचा आणि कारखाना बारमाही. साठवायची म्हटलं तर गुलाबी बोंडअळी आडवी येते. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळ्या सुप्तावस्थेत दडून बसतात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघतात. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेलं कापसाचं पीक, घेऊ नका, पऱ्हाटीची वेळेत विल्हेवाट लावा, असं सांगते ते याचसाठी. गावाशेजारी वर्षभराच्या पऱ्हाटीचा डोंगर रचणं म्हणजे अळीला वसतिगृह बांधून देणं. वावरातच श्रेडरने तुकडे केले तर अळीही मरते आणि वाहतूकही सोपी होते, नाहीतर ट्रकमध्ये पऱ्हाटीपेक्षा हवाच जास्त जाते. पण श्रेडरचं भाडं, डिझेल, मजूर हे सगळं कुणीतरी द्यायचं आहे.

किती देता येईल, तो हिशेब वरच्या १५० लिटरमधूनच निघतो, आणि पऱ्हाटीत लिग्निन जास्त म्हणून तेवढंही निघेल याची खात्री नाही. तरी तेवढंच धरू. कारखान्याने कच्च्या मालापोटी इथेनॉलच्या लिटरमागे एक रुपया जास्त मोजला, तर शेतकऱ्याच्या हातात टनामागे १५० रुपये जास्त पडतात. दोन हेक्टर कपाशीवाल्याची पाच टन पऱ्हाटी धरली तर साडेसातशे. लिटरमागे दहा रुपये मोजले तर साडेसात हजार, आणि त्यातून उपटणी, तुकडे करणं आणि गाडीभाडं वजा व्हायचं आहे.